बालवर्गाच्या दारात पालकांचे स्वागत



जून महिन्याच्या मध्यास आपल्या जिल्ह्यातील शाळा उघडतात. दारास आंब्याच्या पानांचे तोरण लागते, प्रभातफेरी निघते, नवागत मुलांच्या हाती फूल व पाठ्यपुस्तक पडते. हा प्रवेशोत्सव आता गावोगाव अंगवळणी पडला आहे आणि तो चांगलाच आहे. ह्या लेखात मात्र त्या समारंभाचा विचार करावयाचा नाही. समारंभाच्या आधी किंवा नंतर, मुख्याध्यापक आणि नव्या मुलाचे घरचे माणूस ह्यांची जी पाच-दहा मिनिटांची पहिली भेट होते, तिचा विचार करावयाचा आहे. मूल शाळेत टिकणार की नाही, ह्याचा निकाल पुष्कळदा ह्या भेटीतच लागतो, असा माझा अनुभव आहे.

हा विषय केवळ अंगणवाडीचा आहे, आपला नव्हे, असे कोणी समजू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे. त्यातील पहिली तीन वर्षे अंगणवाडीची वा बालवाटिकेची आणि पुढील दोन वर्षे इयत्ता पहिली व दुसरीची. अंगणवाडीच्या उंबऱ्यावर जे घडते त्याचे फळ पहिलीच्या गुरुजींच्या पदरात पडते. म्हणून पुढील विवेचनात ‘बालवर्ग’ हा शब्द मी ह्या सर्वांसाठी मिळून वापरला आहे.

१. माझी एक चूक

आरंभी माझीच एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी भागात एका दोनशिक्षकी शाळेचा कारभार माझ्याकडे होता. शाळा उघडून चार दिवस झाले होते. मी टेबलाशी बसून नोंदी पुऱ्या करीत होतो. एक म्हातारी नातीचा हात धरून दाराशी आली. तिने वहाणा बाहेर काढल्या आणि ती उंबऱ्याशीच उभी राहिली. मी मान वर न करताच विचारले, “जन्मतारीख?” ती म्हणाली, “ज्या साली ओढ्याच्या पुरात पाटलाचा गोठा वाहून गेला, त्या साली भाताच्या आवणीत झाली.” मी म्हणालो, “असे चालत नाही. बापाला दाखला घेऊन पाठव.” मुलीचे आईबाप मजुरीसाठी खाली गेले होते. म्हातारी काही बोलली नाही. नातीला घेऊन ती आली तशी परत गेली.

ती मुलगी पुन्हा आली नाही. दिवाळीनंतर एकदा बाजाराच्या वाटेवर मी तिला पाहिले. तिच्या कडेवर धाकटे भावंड होते व पुढे चार शेळ्या होत्या. मी हाक मारली, तेव्हा ती शेळ्या तशाच टाकून झाडीत पळाली. त्या पाड्यावर पुढे मी तीन वेळा गेलो. परंतु म्हातारी मला पाणी देई आणि शाळेचा विषय निघाला की गप्प बसे.

पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, म्हातारीने मला जन्माचे वर्ष आणि महिना दोन्ही सांगितले होते. पाटलाचा गोठा कोणत्या साली वाहून गेला हे गावात कोणीही सांगितले असते आणि आवणी म्हणजे आषाढ हे तर मलाही ठाऊक होते. जनगणनेचे काम करणारे आपले बांधव वृद्धांचे वय अशाच गावच्या घटनांवरून ठरवितात. माझ्या रकान्यात बसेल अशा रीतीने तिने ते सांगितले नव्हते, एवढेच.

आता कायद्याने अशा अडवणुकीस जागा ठेवलेली नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या अधिनियमाप्रमाणे, वयाचा पुरावा नाही ह्या कारणास्तव सहा ते चौदा वर्षांच्या बालकास प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेता येत नाही, आणि वर्ष सुरू झाल्यावर उशिरा आलेल्या मुलासही परत पाठविता येत नाही. परंतु कायदा फक्त दार उघडे ठेवू शकतो. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या माणसास “आत या, बसा” असे म्हणण्याचे काम आपलेच आहे.

२. दाराशी कोण येते?

‘पालक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आई व वडील येतात. प्रत्यक्षात बालवर्गाच्या दाराशी पुष्कळदा आजी येते, चुलती येते, कधी चौथीतील बहीणच भावाला ओढीत आणते. ह्यांपैकी कित्येकांनी शाळेत पूर्वी पाऊल टाकलेले नसते. ज्यांनी टाकले, त्यांपैकी कोणी छडीच्या आठवणीने तर कोणी नापासाच्या शिक्क्याने शाळा सोडलेली असते. असे माणूस शाळेत येते तेव्हा आपण काही चुकीचे बोलू, आपल्याला काही लिहावयास सांगतील, ही धास्ती त्याच्या मनात असते. ही धास्ती हात धरलेल्या मुलापर्यंत तात्काळ पोहोचते. मुलास शब्द कळत नसले तरी धरलेला हात घट्ट झाला की कळतो.

त्यात आपल्याकडील आणखी एका सवयीची भर पडते. घरी मूल ऐकेनासे झाले की वडीलधारी माणसे म्हणतात, “थांब, गुरुजींना सांगते.” तीन वर्षे अशा रीतीने आपले नाव बागुलबुवासारखे वापरलेले असते. ती भीती पहिल्या भेटीत उतरवावयाची आहे.

३. बोर्डी व कोसबाड येथील धडा

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचा मुळातून विचार कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ ह्यांनी केला. ताराबाई राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिराच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी ह्या गावी, जे आज पालघर जिल्ह्यात आहे, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंनी त्यापूर्वी आपल्याच नाशिक जिल्ह्यात ग्रामीण शाळेत शिक्षिका म्हणून काम केले होते, ही गोष्ट आपणा सर्वांस अभिमानाची आहे.

बोर्डीस बालवाडी उघडली, साहित्य मांडले. परंतु ज्या वस्तीतील मुलांसाठी हा खटाटोप होता, ती मुले येईनात. आईबाप पहाटे कामास जात. मुलांस धुवून-पुसून वेळेवर पाठविणार कोण? आणि गावातील इतरांच्या मुलांशेजारी आपले मूल बसू देतील काय, ही शंकाही त्यांच्या मनात होती. तेव्हा ह्या दोघी स्वतःच वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तेथेच मुले जमवावयाची, त्यांची नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, गाणी-गोष्टी सांगावयाच्या, असा क्रम त्यांनी सुरू केला. घरची माणसे कामे करता करता पाहत उभी राहत. ह्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीतून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथे आणखी एक अडचण पुढे आली. मोठ्या मुलीस शाळेत पाठविले तर तान्ह्या मुलास कोणी सांभाळावयाचे? त्यावर “भावंडास घरी ठेवून ये” असा उपदेश न करता पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकत्र भरविण्यात आली. ह्या योजनेस ‘विकासवाडी’ म्हणत. जी मुले गुरे चारावयास जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरे. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने व माती आली.

हे सर्व आपण प्रशिक्षण विद्यालयात शिकलो आहोत. परंतु त्यातील मर्म पुष्कळदा निसटते. ताराबाई व अनुताई ह्यांनी पालकांस आधी काही शिकविले नाही. पालकांची अडचण काय आहे, हे त्यांनी आधी समजून घेतले आणि त्या अडचणीप्रमाणे शाळेची मांडणी बदलली. पाश्चात्त्य देशांतही हा विचार झालेला दिसतो. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी पहिले बालगृह उघडले, ते कामकऱ्यांच्या चाळीतच. आईने आठवड्यातून निदान एकदा बालगृहाच्या संचालिकेस भेटावे व दोघींनी मुलाविषयी बोलावे, असा तेथे नियम होता.

४. आधी विचारावे, मग सांगावे

ह्यावरून पहिल्या भेटीचे मुख्य सूत्र निघते. पालकाजवळ असे ज्ञान आहे की जे आपणाजवळ नाही आणि ज्यावाचून आपणांस त्या मुलास शिकविता येणार नाही. ते ज्ञान मागून घेणे हेच खरे स्वागत होय. आपले ज्ञान शाळेस हवे आहे असे ज्याला कळते, तो माणूस शाळेस परका राहत नाही.

मुख्याध्यापकांनी टेबलामागून उठून पडवीत यावे, पालकांस बसावयास सांगावे व पाणी द्यावे. स्वतः शक्यतो त्यांच्याच बैठकीवर बसावे, म्हणजे मूलही आपणांस खालून वर न पाहता समोरासमोर पाहील. नोंदवही लगेच उघडू नये. आधी पुढील पाच गोष्टी विचाराव्यात :

(१) घरात मुलाला काय म्हणून हाक मारता?
(२) कोणाचा लळा अधिक आहे? कोण सोबत असले म्हणजे ते निर्धास्त असते?
(३) ते कशाला भिते?
(४) भूक, तहान, लघवी, दुखणे हे ते कोणत्या शब्दांनी सांगते?
(५) एकटे असताना ते कशाशी खेळते?

चौथा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु मुलाचा घरचा शब्द बाईंना न कळल्यामुळे वर्गात कपडे ओले झाले, इतर मुले हसली आणि ते मूल दुसऱ्या दिवसापासून आलेच नाही, असे प्रकार आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ही उत्तरे एका साध्या वहीत, प्रत्येक मुलास एक पान देऊन, लिहून ठेवावीत. वर्ग बदलला, शिक्षक बदलले तरी ती वही पुढील शिक्षकांकडे जावी.

आईला तिचे स्वतःचे नाव अवश्य विचारावे. गावात ती अमक्याची सून व तमक्याची आई म्हणूनच ओळखली जाते. मुलांच्या नावात आईचे नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला आहे. तेव्हा नोंदवहीसाठी ते नाव लागणारच आहे. परंतु रकाना भरण्यासाठी विचारणे आणि ओळख करून घेण्यासाठी विचारणे ह्यांतील फरक त्या माउलीस आवाजावरूनच कळतो.

मग आपण सांगावे, तेही थोडके. आजच्या पालकांची सर्वांत मोठी तक्रार अशी की, “तुमच्याकडे नुसते खेळवितात, इंग्रजी शाळेत पहिल्या दिवसापासून लिहावयास देतात.” ह्या तक्रारीवर व्याख्यान देऊ नये आणि रागावूही नये. आपल्या मुलाचे बरे व्हावे ह्याच तळमळीतून ती निघालेली असते. वाल, हरभरा व वाटाणा एकत्र करून मुलापुढे ठेवावेत व ते वेगळे करावयास सांगावे. मूल चिमटीने दाणे उचलू लागले की पालकांस म्हणावे, “पाहा, ह्याच चिमटीत उद्या पेन्सिल धरावयाची आहे. आणि ह्याने दाणे निवडले, म्हणजे सारखे कोणते व वेगळे कोणते हे ओळखले. अक्षर व अंक ओळखण्याची सुरुवात येथूनच होते.” डोळ्यांनी पाहिलेले पटते. घरी काय करावे असे विचारल्यास पाटी-पेन्सिलीचा आग्रह धरू नये. भाकरी मोजावयास लावाव्या, गोष्टी सांगाव्या, मुलाने विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावे, एवढे पुरे.

२०२२ पासून आपल्या शाळांत ‘पहिले पाऊल’ हा शाळा पूर्वतयारी मेळावा होतो. तेथे नोंदणीपासून पालक-मार्गदर्शनापर्यंत टेबले मांडलेली असतात व गावातील माता गट उत्साहाने येतात. उपक्रम उत्तमच आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. चारचौघांच्या देखत मुलास न आलेली कृती मोठ्याने बोलून दाखवू नये. विकासपत्र हा परीक्षेचा निकाल नव्हे. शेजारणीसमोर आईची मान खाली गेली, तर ती पुढच्या मेळाव्यास येणार नाही.

५. रडणारे मूल

पहिल्या दिवशी मूल रडते, तेव्हा घरचे माणूस गोंधळते आणि आपण म्हणतो, “तुम्ही जा, थोड्या वेळाने गप्प होईल.” मग ती आई “खाऊ घेऊन येते” असे सांगून मागच्या बाजूने निसटते. मूल गप्प होतेही. परंतु आपल्याला फसविण्यात आले हे ते विसरत नाही. दुसऱ्या दिवशी ते पदर सोडत नाही.

ह्यावर उपाय सोपा आहे, फक्त त्यास धीर हवा. पहिले काही दिवस घरच्या माणसास वर्गात कोपऱ्यात बसू द्यावे. मग ते पडवीत बसेल, मग फाटकापर्यंत जाईल. निघताना मुलास सांगूनच निघावे. परत येण्याची वेळ मुलास समजेल अशा खुणेने सांगावी. “बारा वाजता येईन” ह्यापेक्षा “तुमचे जेवण झाले, ताटे धुतली की आजी येईल” हे त्याला कळते. आणि त्या खुणेस आजीने खरोखर यावे, हे आजीस बजावून सांगावे. दिलेला शब्द आठवडाभर पाळला गेला म्हणजे मुलाचा शाळेवर विश्वास बसू लागतो. घरच्या गोधडीचा तुकडा किंवा एखादे खेळणे सोबत आले तर ते काढून घेऊ नये.

६. घरची भाषा

आपल्या जिल्ह्यात घरोघरच्या बोली निराळ्या आहेत. मालेगाव, बागलाण, देवळा ह्या बाजूस अहिराणी बोलतात. सुरगाणा, पेठ ह्या भागांत कोकणा, वारली आदि समाजांच्या बोली आहेत; तेथील कोकणी ही समुद्रकाठच्या कोकणीहून निराळी. ह्या बोलींस ‘अशुद्ध’ म्हणण्याची खोड आपण सोडली पाहिजे. मुलाच्या बोलीस अशुद्ध म्हटले तर ते आईच्या बोलण्यास म्हटल्यासारखेच आहे आणि आई ते शेजारी उभी राहून ऐकत असते.

दोन वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका तालुक्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. एक मूल आईच्या लुगड्यामागे दडले होते. तेथील शिक्षकांनी दोनदा “बाळ, तुझे नाव सांग” म्हटले. मूल अधिकच दडले. मुख्याध्यापिका बाई पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुनं नाव काय शे?” मुलाने डोके बाहेर काढले व नाव सांगितले. तोवर गप्प उभी असलेली त्याची आई हसली, पायरीवर बसली आणि मग पंधरा मिनिटे बोलत होती. त्या बाईंचे माहेर विदर्भात होते. अहिराणीची वीस-पंचवीस वाक्ये त्यांनी शाळेच्या स्वयंपाकीण बाईंकडून शिकून घेतली होती. प्रत्येक शिक्षकास इतके साधण्यासारखे आहे.

७. स्थलांतर करणारी कुटुंबे

सुरगाणा-पेठ भागांतील पुष्कळ कुटुंबे भाताची व नागलीची कामे उरकली की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामास जातात. कोठे ऊसतोडीस, कोठे वीटभट्टीवर जावे लागते. अशा घराच्या माणसास जूनमध्येच विचारावे, “कामास कधी जाता? मूल नेता की ठेवता?” हे तक्रारीच्या सुरात नव्हे, तर शेजाऱ्याने विचारावे तसे विचारावे. मूल आजीआजोबांजवळ राहणार असेल तर त्यांची ओळख आधीच करून घ्यावी. सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड तयार ठेवावे आणि ओळखवहीच्या पानाची नक्कल त्यासोबत द्यावी. मूल जेथे जाईल तेथील शिक्षकांस त्यामुळे ते मूल कशास भिते हेही कळेल.

आणि ज्यांच्या गावी असे मूल ऑक्टोबरात येते, त्या निफाड-दिंडोरीकडील बांधवांस विनंती आहे की, त्या दिवशी तोरण नसले तरी स्वागत असावे. त्या मुलाचा शाळेचा पहिला दिवस तोच असतो.

८. समारोप

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे अधिनियम सांगतो. परंतु ज्या आईस पहिल्या दिवशी उंबऱ्याशी उभे ठेवले, तिने पुढे सभेत बोलावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? समितीतील आईचा आवाज ह्या पहिल्या भेटीतूनच घडत असतो.

त्या म्हातारीची नात आता पस्तिशीच्या आसपास असेल. कदाचित तिचेच मूल आपल्यापैकी कोणाच्या तरी दाराशी येऊन गेले असेल, किंवा येत्या जूनमध्ये तिचे धाकटे येईल. ती आली तर तिला बसावयास सांगा, एवढीच विनंती आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेत गेल्या जूनमध्ये आलेल्या नव्या मुलांपैकी किती मुलांचे घरचे नाव आपणांस ठाऊक आहे?
(२) आपल्या गावात जन्मसाल ठरविण्यास उपयोगी पडतील अशा गेल्या दहा वर्षांतील घटनांची यादी गावकऱ्यांच्या मदतीने करावी.
(३) भूक, तहान, लघवी, पोट दुखणे, भीती ह्यांस आपल्या गावातील प्रत्येक बोलीत कोणते शब्द आहेत, ते अंगणवाडी सेविकांस विचारून लिहून काढावेत.
(४) आपल्या गावी स्थलांतरामुळे कोणत्या महिन्यात किती मुले जातात वा येतात? त्या त्या गावच्या शिक्षकांशी आपला पत्रव्यवहार आहे काय?